सिंगापूरच्या वर्षावनात काय बघावं?

प्रश्न : आम्ही दोघं मे महिन्यात मुलाकडे सिंगापूरला चाललो आहोत. भर शहरात वर्षावन आहे म्हणतो तो. जनावरं खरंच दिसतात का? माझे गुडघे दुखतात, चढण जमेल का? माकडांसाठी शेंगदाणे घेऊ का?
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, शेंगदाणे घरीच राहू द्या. रानातल्या जनावराला खायला घातलं तर तिथे पहिल्याच गुन्ह्याला 5,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. पण दंडाचं सोडा, आयतं खायची सवय लागली की माकडं माणसाच्या अंगावर येतात आणि मग त्यांचंच मरण ओढवतं. प्लॅस्टिकची पिशवी नुसती वाजली तरी ती जवळ येतात. सामान पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा.

हे वर्षावन ज्या टेकडीवर आहे ती बुकित तिमा 163 मीटरचीच, पण चढ उभा आहे. माथ्यापर्यंत बाप-लेकाला जाऊ द्या. तुम्ही बोटॅनिक गार्डन गाठा. तिथे मूळ वर्षावनाचा सुमारे 6 हेक्टरचा तुकडा जपलाय, चालायला नीट वाट आहे, तिकीट नाही. तळ्याकाठी घोरपडीही दिसतील.

आता जनावरांचं. आपली नजर सातपुड्यात तयार झालेली. यावल-पालकडे उन्हाळ्यात सागाचं रान उघडं पडतं, पाणवठा धरून बसलं की काहीतरी येतंच. सिंगापूरला वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बाराही महिने. पाणी जिथे-तिथे आणि झाडी कायम गच्च, त्यामुळे पाणवठ्यावर बसून उपयोग नाही. एका जागी उभं राहायचं आणि झाडांची खोडं खालून वरपर्यंत न्याहाळायची.

बुकित तिमाच्या पायथ्याशी लेकीने मला असाच कोलुगो नावाचा, झाडावर राहणारा प्राणी दाखवला. राखाडी, ठिपक्यांचा, खोडाला चिकटलेला. बराच वेळ मला साल आणि शेवाळच दिसत होतं, मग एक मोठा गोल डोळा दिसला. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत पातळ कातडी असते त्याला. रात्री ती ताणून तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. दिवसा तो असा झोपलेलाच भेटतो, म्हणून फ्लॅश मारू नका, हात लावू नका.

भृंगराज पक्षी मात्र ओळखीचा निघेल. शेपटीच्या दोन लांब काड्या, टोकाला पिसं, आपल्या सातपुड्यातलाच.

सकाळी सातला निघा. दुपारी विजा कडाडायला लागल्या तर झाडाखाली थांबू नका, जवळचं पक्कं छप्पर गाठा.