छोट्या पिस्तुलासाठी दिवसभर टोचणार नाही असं होल्स्टर कोणतं घ्यावं?

तुमचा .३२ पिस्तुलाचा परवाना नुकताच झालाय आणि दुकानातून मिळालेलं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायचं म्यान, मोटारसायकलवर बसलं की पोटात घुसतं, असं तुम्ही लिहिलंय. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. मी तासगावात बेदाण्याचा व्यापार करतो. सौद्याच्या दिवशी सांगलीच्या दोन-दोन खेपा होतात आणि तासन् तास वाकून माल बघावा लागतो.

होल्स्टरच्या आधी पट्टा बदला. साधा पातळ पट्टा पिस्तुलाच्या वजनानं एका अंगाला ओघळतो, मूठ बाहेर कलते आणि माणूस दिवसभर पँट वर ओढत राहतो. दीड इंच रुंद, दोन थर शिवलेला, आडवा धरला तरी लोंबणार नाही असा घ्या. होल्स्टर पँटच्या आतून खोचणार असाल तर कंबर एक-दोन इंच ढिली शिवा. माझा निम्मा त्रास इथंच गेला.

मग जागा. पोटावर पुढं लावलं तर उभ्यानं काही वाटत नाही, पण वाकलं की नळी जांघेत आणि मूठ बरगडीला. पाठीच्या मधोमध लावूच नका. गाडी घसरून उताणे पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं. मला उजव्या कमरेच्या हाडाच्या थोडं मागं, मूठ जराशी पुढं झुकलेली, असं सोयीचं पडलं.

आता होल्स्टर. नायलॉनची मऊ, 'कुठल्याही पिस्तुलाला बसतात' म्हणून विकली जाणारी घेऊ नका. पिस्तूल पूर्ण रिकामं करून, चेंबर, म्हणजे नळीच्या मागं गोळी बसते ती जागा, दोनदा बघून आत घाला आणि बाहेरून बोटानं दाबा. ट्रिगर बोटाला जाणवला तर ते होल्स्टर कितीही मऊ असो, परत करा. पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मिटलं, तर दुसऱ्या हातानं ते उघडताना नळी स्वतःच्याच हातावर रोखली जाते. परत घालताना शर्टाचं टोक ट्रिगरपाशी अडकलं नाही ना, हे डोळ्यांनी बघा, घाई करू नका.

चामडं अंगाला बरं लागतं, पण घाम पितं. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीला मी पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरसकट पोलीस ठाण्यात जमा केलं. परत मिळालं तेव्हा स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, जिथं चामडं चिकटून होतं तिथंच, हळदीच्या बोटांसारखे तांबूस-पिवळे डाग उठले होते. चूक माझीच. तेव्हापासून पिस्तूल तेलाचा हात फिरवून वेगळं ठेवतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर वापरतो. मध्ये सुती बनियन असलं की तेही टोचत नाही.

आणखी एक, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं हवं. म्हणून शर्ट बाहेर सोडून, वर हात करून आरशात बघा.

विकत घेतल्यावर लगेच बाहेर पडू नका. रिकाम्या पिस्तुलानिशी घरात दोन-तीन दिवस वावरा. जमिनीवर मांडी घालून जेवा, वाकून चपलेचा बंद लावा, अंगणात उभ्या गाडीवर अर्धा तास बसा. कुठं टोचतंय ते कळलं की होल्स्टरची पट्ट्याला अडकणारी क्लिप बोटभर पुढं-मागं सरकवा.