आजोबांचा लांब पाइप

प्रश्न : आजोबांचा तंबाखू ओढायचा हातभर नळीचा पाइप माळ्यावर सापडला. ओढला की जीभ पोळते, नळी गुरगुरते. लांब नळीत धूर गार होतो ना? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : गार होतो, निर्धोक नाही, निकोटिन तेवढंच. सोलापूर पडलं बिडीचं गाव, तुम्ही पाइपलाही बिडीसारखे झुरके मारत असणार! सावकाश ओढा. गुरगुर म्हणजे नळीत साठलेलं पाणी. तारेच्या काकड्याने, म्हणजे पाइप क्लीनरने, आतून पुसा. पाइप गरम असताना मात्र नळी उपसू नका, सांधा तडकतो. आणि काळी रबरी नळी उन्हात ठेवू नका. माझी मे महिन्यात गच्चीच्या कठड्यावर राहिली, शेवाळल्यासारखी हिरवट झाली. बायको म्हणाली, बरं झालं.