तिन्ही वेळा तुम्ही कधी थांबलात?

*ताई, मी ४१ वर्षांचा, राहायला बोरिवलीत, ऑफिस नरिमन पॉइंटला. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरली, फेब्रुवारीत जाणं बंद. जूनमध्ये पहाटे नॅशनल पार्कात पळायला लागलो, पावसात तेही राहिलं. ऑक्टोबरमध्ये मुंबई मॅरेथॉनमधल्या दहा किलोमीटरसाठी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर, आठवड्याभरात पाच. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. घरी यायला नऊ, झोपायला बारा वाजतात, तरी पाचला उठत होतो. आता बायको आणि मुलगी हसतात. माझ्यात चिकाटीच नाही का? जिमची फी डिसेंबरपर्यंत आहे, तीही फुकट जाणार.*
*— बोरिवलीचा एक वाचक*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चिकाटी नसलेला माणूस बाराला झोपून पाचला उठत नाही. तुम्ही ते पुन्हा पुन्हा केलंत, म्हणून हा ठपका आधी पुसून टाका.

आता एक करा. तिन्ही वेळी सुरुवात कशी झाली हे तुम्हाला पाठ आहे, पण सोडण्याआधीचा आठवडा कसा गेला? तो आठवून वहीत लिहा. किती झोप झाली, कुठे दुखत होतं, ऑफिसात काय चाललं होतं, सगळं. पत्रावरून मला दोन गोष्टी दिसतात. एक, रोज पाच तासांची झोप. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात, त्यामुळे तुमचा पहाटेचा प्रत्येक बेत उसन्या झोपेवर उभा होता. दुसरी, घाई. पळायला लागलं की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने जातात. दम म्हणतो पळ, नडगी म्हणते थांब. तुम्ही दमाचं ऐकलंत. नवीन पळणाऱ्यांपैकी पुष्कळांचं असंच होतं.

नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक पाऊलही पळू नका. हाडाला बारीक चीर असू शकते. चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा बीपी-शुगरही एकदा तपासून घ्या. या जानेवारीची शर्यत सोडून द्या. ती दर वर्षी असते.

पहाट विसरा, तुमची वेळ संध्याकाळची आहे. ऑफिस सुटलं की मरीन ड्राइव्हच्या कडेने चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. वीर नरिमन रोडचा कोपरा ओलांडून गिरगावच्या दिशेने थोडं पुढे जा आणि वळून चर्चगेटला या. अर्धा तास होतो. पुढे मरीन लाइन्सला जाऊन गाडी पकडायचा मोह मात्र टाळा. तिथे बसायला जागा मिळणार नाही, बोरिवलीपर्यंत उभं राहावं लागलं की दोन दिवसांत हाही बेत बारगळेल. आठवड्यातून पाच दिवस चाललात की १५० मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना निदान एवढंच सांगते. घरी अर्धा तास उशीर होईल, हे वहिनींना आधीच सांगा. आणि त्या हसण्याने वाईट वाटतं, हेही. मला लिहिलंत तसं त्यांना बोलला नसाल, असं मला वाटतं.

पावसाळ्याचं आत्ताच ठरवून ठेवा, जूनमध्ये नको. समुद्राकडे जाता येणार नाही त्या दिवशी सोसायटीचा जिना चढायचा, उतरताना लिफ्ट.

मधे एखादा दिवस चुकेल, तेव्हा सगळं संपलं असं समजू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची नवी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तुम्ही मात्र दर वेळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच स्वतःचा निकाल लावत आलात.

जिमचं म्हणाल, तर शनिवार-रविवार जा. पोटऱ्या आणि मांड्यांचे व्यायाम तिथल्या ट्रेनरकडून नीट शिकून घ्या आणि नडगीचं दुखणं त्याला पहिल्याच दिवशी सांगा. ट्रेडमिलवर पाय ठेवू नका. डिसेंबरअखेर फी पुन्हा भरायची की नाही, ते तेव्हा वही पाहून ठरवा.