मल्खाचा कान

मालवण, मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय बाळ,

परवा बंदरावर तू हात उचललास ते तुझ्या आईकडून कळलं. सांगताना तिला रडू आवरत नव्हतं. पण हे पत्र तुला बोल लावायला लिहीत नाही. एलईडी लावून रातोरात समुद्र खरवडून नेणाऱ्या बोटींबद्दल तुला जे वाटतं तेच मला वाटतं. केंद्राने 2017 साली दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, राज्याचा 1981 चा मासेमारीचा कायदा 2021 मध्ये दुरुस्त होऊन दंड वाढले, आणि तरी काळोख पडला की दांडीच्या किनाऱ्यावरून बघावं तर समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड. सकाळी आपली रापण, किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, ओढायला वीस-पंचवीस माणसं लागतात आणि वाट्याला येते मूठभर तारली. हे बघून राग येऊ नये असं मी तुला कधीच सांगणार नाही.

‘राग म्हणजे पाप, रोजरी म्हण आणि गप्प बस’, असं कोणी सांगेल तर मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढून बघ. शब्बाथाचा, म्हणजे काहीही काम न करण्याचा दिवस, सभास्थानात वाळल्या हाताचा एक माणूस, आणि येशू त्याला बरं करतो की काय म्हणून टपून बसलेले लोक. येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याच वाक्यात पुढे आहे की त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्न झाला. ज्यांचा राग आला त्यांच्याबद्दलच, त्याच क्षणी, वाईटही वाटलं. मी माझा राग याच मापाने मोजतो. ज्याच्यावर चिडलोय त्याच्याबद्दल पोटात कुठे तुटतंय का? तुटत नसेल तर त्या वेळी तोंड उघडायचं नाही, हात उचलायचा नाही.

आता परवाचं. तू मारलंस कोणाला? बोटमालकाला नाही, तो बंदरावर नव्हताच. दिवे लावणाऱ्यालाही नाही. डिझेलचे कॅन उतरवणारा तो खलाशी, नेपाळातून पोट भरायला आलेला, तुझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल. रागाचं असंच असतं बाळा. निघतो मोठ्याला गाठायला, आणि पडतो जवळ सापडेल त्या गरिबावर.

येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही हेच केलं. तो आपल्यासारखाच जाळ्यातला माणूस. गेथशेमाने बागेत येशूला धरायला लोक आले तेव्हा त्याने तलवार उपसली, आणि कान कोणाचा कापला? मुख्य याजकाच्या चाकराचा. योहानाने आपल्या शुभवर्तमानात त्याचं नावसुद्धा लिहून ठेवलंय, मल्ख, आणि कान उजवा होता हेही. ज्यांनी कट केला त्यांना ओरखडासुद्धा नाही. लूक सांगतो की येशूने त्या कानाला हात लावून तो बरा केला. त्याला बांधून न्यायला माणसं समोर उभी होती, आणि तेवढ्या वेळात त्याने आपल्या शिष्याच्या रागाने झालेली जखम भरून काढली. ही ओळ मला कितीदा वाचली तरी पुढे जाऊ देत नाही.

तुझ्या वयाचा असताना मीही एक कान कापलाय. शेजारच्या एकाने माझ्या जाळ्यावरून मुद्दाम होडी नेली, चांगलं नवं जाळं फाटलं. चूक त्याचीच होती, आजही माझं मत तेच आहे. मी रात्री कोयती घेऊन गेलो आणि किनाऱ्यावर वाळत घातलेलं त्याचं जाळं उभं चिरलं. घरी येऊन छान झोप लागली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवसापासून त्याची म्हातारी आई माडाच्या सावलीत ते जाळं शिवायला बसली. सुई एका हातात, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं, एकेक डोळा मोजून गाठ मारायची, चुकली की पुन्हा सोडवायची. मी रोज तिथून जायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने हाक मारली, ‘उभो कित्याक रवलंस? ह्या टोक धर जरा.’ मी दुपारभर टोक धरून बसलो. तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही, ती काही बोलली नाही. त्या शनिवारी मी कुमसाराला, पाद्रीपुढे पाप कबूल करायला, गेलो. मग तिच्या मुलाकडे गेलो, ते कितीतरी कठीण होतं.

पौल इफिसकरांना लिहितो, राग असताना सूर्य मावळू देऊ नका. आपल्याकडे तर सूर्य समोर समुद्रातच बुडतो, त्यामुळे विसरलो म्हणायची सोय नाही. पण याचा अर्थ त्याच संध्याकाळी जाऊन सोक्षमोक्ष लावायचा असा घेऊ नकोस. येशूने मंदिरातले चौरंग उलथले हे सगळ्यांना पाठ असतं. मार्कच्या अकराव्या अध्यायात त्याआधीची संध्याकाळ आहे, ती कोणी फारशी वाचत नाही. तो मंदिरात गेला, सगळीकडे नजर टाकली, उशीर झाला होता म्हणून बेथानीला परतला. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे कृती सकाळपर्यंत थांबू शकते. थांबता कामा नये ते देवाला सांगणं. आणि सांगताना शब्द धुऊन-पुसून सांगू नकोस. स्तोत्र 109 वाच, वैऱ्याची मुलं पोरकी होवोत इथवर ते स्तोत्र म्हणणारा माणूस बोलतो. पण बोलतो देवापाशी, त्या वैऱ्याच्या दारात जाऊन नव्हे. तूही किनाऱ्यावर जा, माणसं नसतील तिथे, आणि मोठ्याने बोल. फोन मात्र घरी ठेवून जा. रात्री अकरानंतर ग्रुपवर टाकलेल्या व्हॉइस मेसेजांनी आपल्या वाडीत जेवढी घरं तोडली तेवढी दारूनेही तोडली नसतील.

घरात पप्पांवर आवाज चढवतोस त्याबद्दल आज लिहीत नाही. ते समोर बसून बोलू.

मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायचा अर्ज मी लिहायला घेतलाय. दिव्यांच्या बोटी दिसल्या त्या तारखा आणि वेळा तुझ्या वहीत आहेत, त्या घेऊन सोमवारी ये, दोघं मिळून जाऊ. पण त्याआधी त्या मुलाला भेट. 1 जूनला पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली की बोटी वर ओढतील आणि खलाशी आपापल्या गावी जातील, मग पुढल्या हंगामात तोच परत येईल असं नाही. जेटीच्या मागच्या खोल्यांत राहतात ते सगळे. एकटा जा, मित्रांना नेऊ नकोस. त्याचं नाव विचार.

तुझा,
काका