नाशिकचा इतिहास, सातवाहनांपासून स्वातंत्र्यापर्यंत, मुलांच्या वीस मिनिटांच्या बाहुलीनाट्यात कसा बसवावा? बाहुल्या कशाच्या कराव्यात?

बसवू नये. आमच्या शाळेत हा उद्योग झालाय, म्हणून सांगते.

मी तेव्हा पंचवटीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. स्नेहसंमेलनात सहावीच्या मुलांनी रामशेजचा वेढा करायचा, एवढंच ठरलं होतं. पेठ रस्त्यावरचा तोच किल्ला, निम्म्या वर्गाने चढलेला. १६८२ मध्ये औरंगजेबाने त्यावर शहाबुद्दीन खानाला धाडलं आणि वेढा वर्षानुवर्षं रेंगाळला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, दारू मात्र होती. मग गडकऱ्यांनी ओंडके पोखरले, वर कातडं चढवलं आणि त्यातून मारा केला. हे मुघलांच्याच इतिहासकाराने, खाफीखानाने लिहून ठेवलंय. बाहुल्यांना याहून चांगलं काम कुठे मिळणार?

तोफ आम्ही कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीची केली. वर जुन्या पर्सचं रेक्झिन, आत टाल्कम पावडर, मागे फुगा. फुगा दाबला की भस्सकन धूर.

आणि नाग! पुढे बहादूरखान वेढ्यावर आला, तेव्हा भुतं वश करणाऱ्या एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग घडवून घेतला, असं खाफीखानच सांगतो. नाग हातात धरून स्वारी गडाकडे निघाली, मागे फौज, आणि वरून गोफणीचा धोंडा थेट छातीत. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. तालमीत मुलं इथे लोळायची. नागासाठी मी माझ्या शालूचा जरीकाठ उसवला होता.

आमच्या इतिहासाच्या सरांना हे पटेना. एक तर म्हणे यातून अंधश्रद्धा पसरते. अहो, मांत्रिक धोंडा खाऊन आडवा होतो, यात कसली पसरते? दुसरं, "नुसतं रामशेज? मग सातवाहनांचा राजा गौतमीपुत्र कुठेय?" मुख्याध्यापकांना दोघांनाही खूश ठेवायचं होतं, त्यामुळे सरांच्या हातात माइक गेला.

पडद्यामागे मुलं हात वर करून उभी, आणि सर गौतमीपुत्राने हरवलेल्या नहपान राजापासून निघाले. हातमोजा बाहुली डोक्यावर धरून तीन मिनिटं उभं राहून बघा, खांदे सांगतील. सर गौतमीपुत्राच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या शिलालेखाशी पोचले, तेव्हा शहाबुद्दीन खानाची मान कलली. पेशवाई येईपर्यंत तो पडद्याबाहेर लोंबत होता. पुढची रांग हसायला लागली, तसा सरांना आणखी चेव चढला. वेळ संपली, नाग बाहेर आलाच नाही. तो जिच्या हातात होता ती मुलगी जाताना मला म्हणाली, "बाई, माझं काही चुकलं का?"

खानाची मान कलली यात माझाही दोष आहे, डोकं मी प्लास्टर ऑफ पॅरिसचं केलं होतं. तुम्ही कागदाचा लगदा घ्या, त्यात खळ आणि मेथीची पूड. पावसाळ्यात मात्र करू नका, बुरशी येते. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या आदिवासी उत्सवाचे मुखवटे करणारे आहेत, त्यांचा हात एकदा बघून या. शाळेतल्या कार्यानुभवापेक्षा जास्त शिकाल.

सातवाहन हवेतच असतील, तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावचं नाणं करा. १९०६ मध्ये तिथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. पुठ्ठ्याचं परातीएवढं नाणं, त्यावर नहपानाचा चेहरा, वरून हातोडा, ठाक! खेळ संपला. याला निवेदन कशाला लागतं?

काळाराम सत्याग्रहही, म्हणजे दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेला, मुलं लहान आहेत म्हणून गाळू नका. २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. त्यात मुख्य बाहुली म्हणजे बंद दार. माणसं येतात, थांबतात, परत येतात, दार हलत नाही. सहावीला नीट समजतं.

हॉल मोठा असेल तर मुलांचे आवाज पोचणार नाहीत, आधी रेकॉर्ड करून घ्यावे लागतील. पण आवाज मुलांचेच. घोषणेपुरतासुद्धा माइक कुणा सरांना देऊ नका, एकदा दिला की परत मिळत नाही.

तोफ अजून माझ्या माळ्यावर आहे. हवी तर घेऊन जा, फुगा तेवढा नवा घाला. नाग देणार नाही.