शनिवारची बियर आणि दुपारी चारची

“निवृत्तीनंतर बाबा बियर घ्यायला लागलेत. घरात लहान मूल आहे. हे व्यसन म्हणायचं का? आणि त्यांना सांगायचं कसं?” हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी मुलगा विचारतो, कधी सून, क्वचित बायको. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. ते बाबांच्या गळी उतरवायला तिसरं माणूस हवं असतं, एवढंच.

अशा एका घराबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील ६८ वर्षांचे, लेखा विभागातून निवृत्त झालेले. घरात बायको, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. मी त्यांना काका म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

मुलगा आणि सून पहिल्यांदा आले ते तक्रार मोबाइलमध्ये घेऊनच. दर शनिवारी एका क्लबच्या हॉलमध्ये हौशी गायकांचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो, मागच्या बाजूला बारही आहे. तिथे काका गात असल्याचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. डोळे मिटलेले, एक हात कानावर, शेजारच्या टेबलावर बियरचा ग्लास.

“बघा मॅडम, वय काय आणि चाललंय काय,” मुलगा म्हणाला. सुनेने भर घातली, “आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी बघितलं हे. शनिवारचं तिथे जाणं बंद व्हायला हवं. नाहीतर मुलाला त्यांच्या भरवशावर कसं ठेवायचं?”

मी व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला तो ग्लासकडे बघायला. फेस पूर्ण बसला होता, तळातून एकही बुडबुडा वर येत नव्हता आणि ग्लास मात्र जवळजवळ काठोकाठ भरलेला. ओतल्यावर फेस लवकर बसतो, पण बुडबुडे बराच वेळ येत राहतात. म्हणजे हा ग्लास कितीतरी वेळ तसाच पडून होता. फक्त पिण्यासाठी गेलेल्या माणसाला ग्लासाचा असा विसर पडत नाही. तेव्हाच मला वाटलं की काळजी रास्त असली तरी ही मंडळी भलत्याच जागी शोधतायत.

पुढच्या वेळी काका एकटे आले. घुश्शातच होते. “मला सुधारायला पाठवलंय ना?” खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं. मी गाण्याचा विषय काढला. कोणती गाणी बसवलीत, साथीला कोण असतं, पट्टी कोणती. दहा मिनिटांत माणूस सैलावला. म्हणाले, “तिथे मी एकच घेतो आणि तीही संपत नाही. गाताना घसा धरतो हो.”

मग मी विचारलं, “आठवड्यातला कोणता वेळ तुम्हाला सगळ्यात लांब वाटतो?”

“चार ते सहा,” ते क्षणभरही न थांबता म्हणाले.

नातवाला साडेबाराला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, झोपवायचं, उठल्यावर अभ्यासाला बसवायचं. चारला सून येते. त्या मिनिटाला काकांचं काम संपतं. बायकोचं घरकाम आणि मैत्रिणी होत्याच, तिला निवृत्ती मिळालीच नव्हती आणि तिचा दिवस पहिल्यासारखाच भरलेला होता. मुलगा आठला येतो आणि बुटाच्या नाड्या सोडता सोडता विचारतो, “तो जेवला का? गृहपाठ झाला का?” चार ते आठ काकांशी कुणी बोलत नाही. आठनंतर बोलतात ते नातवाबद्दल.

चारनंतर काका स्वतःच्या खोलीत जात. जुन्या फायलींच्या कपाटात, खालच्या खणात, कॅन ठेवलेले असत. आधी एक, गेल्या काही महिन्यांपासून दोन. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. नातू मात्र एकदा म्हणाला होता, “आजोबा, तुमच्या तोंडाला कसला तरी वास येतो.” हे सांगताना काकांनी चष्मा काढून पुसला, खरं तर तो स्वच्छच होता.

मी त्यांना नोंद ठेवायला सांगितलं: कधी, कुठे, कुणाबरोबर, किती, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. हिशेबातला माणूस, दोन आठवड्यांनी रकाने आखलेली वहीच घेऊन आला. सोमवार ते शुक्रवार, चारनंतर, एकटे, ५०० मिलिलिटरचे दोन कॅन. शनिवारी कार्यक्रमात एक ग्लास, ‘अर्धा टाकला’ असा शेरा. रविवारी घर भरलेलं, रकाना कोरा. नातवाच्या वेळात, म्हणजे चारच्या आधी, एकही नोंद नव्हती.

त्या वहीवरच आम्ही आकडेमोड केली. ५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बियरमध्ये २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठवड्याचे दहा कॅन म्हणजे २०० ग्रॅम. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १४ युनिटची मर्यादा आहे. तिथलं एक युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे ११२ ग्रॅम झाले. काका त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये सरळ सांगून टाकलं की आरोग्याला धोका नाही अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. काकांनी बेरीज दोनदा तपासली. “एवढी होते?” ते म्हणाले. बियर हलकी म्हणून आपण सुरक्षित, हा समज मला भल्याभल्यांमध्ये दिसतो.

वयाचाही भाग असतो. तरुण पुरुषाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असतं, उतारवयात ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. अल्कोहोल पाण्यात मिसळून शरीरभर पसरतं, त्यामुळे पाणी कमी झालं की तेवढ्याच बियरने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. चाळिशीत पचायची ती आता का चढते, असं अनेक जण विचारतात. त्याचं एक कारण हे.

आणि गोळ्या. माझ्या मते सगळ्यात गंभीर भाग हाच होता. काकांना रक्तदाबाची गोळी चालू होती, मधुमेहाची होती. झोप लागत नाही म्हणून ते कधीची तरी लिहून दिलेली झोपेची गोळीही अधूनमधून घेत. डॉक्टरांनी पिण्याबद्दल विचारलं तेव्हा “कधीतरी, मित्रांबरोबर” एवढंच सांगितलेलं. अल्कोहोल आणि झोपेची गोळी दोन्ही मेंदूला गुंगी आणतात, एकत्र घेतल्या तर श्वास मंदावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीबरोबर अल्कोहोल असेल तर उठून उभं राहताना दाब एकदम उतरू शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. बियरने लघवीला वारंवार जावं लागतं आणि सुरुवातीला डोळा लागला तरी उत्तररात्रीची झोप तुटते. मागे एकदा काका पहाटे बाथरूममध्ये पडले होते. घरातल्यांनी तेव्हा फरशा बदलून घेतल्या होत्या.

व्यसन आहे का, हे नजरेने ठरवायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ४० गुणांची. ८ किंवा जास्त गुण आले की सावध व्हायचं. काकांचे १२ आले. म्हणजे पिणं धोक्याच्या पट्ट्यात होतं, पण ते पूर्ण आहारी गेलेले नव्हते. बियर न घेतलेल्या रविवारी हाताला कंप नाही, घाम नाही, जीव कासावीस होणं नाही. नातेवाइकांकडे आठवडाभर राहिले तेव्हा आठवणही आली नव्हती. मी तरीही त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे वहीसकट पाठवलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी बंद केली, साखरेच्या गोळीची वेळ बदलली.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण घाईच्या भरात घरचे लोक ती चुकवतात. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू घरच्या घरी एका रात्रीत तोडू नका. काही तासांतच त्रास सुरू होतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा माणसासाठी डॉक्टरांची देखरेख लागतेच, बाटल्या मोरीत ओतून काम होत नाही.

मग आम्ही सगळे एकत्र बसलो. वही दाखवायची की नाही हे मी काकांवर सोडलं होतं. त्यांनी स्वतःच ती मुलापुढे सरकवली. मुलगा बराच वेळ पानं उलटत राहिला. “शनिवार तर जवळजवळ रिकामाच आहे,” तो म्हणाला. मग सुनेकडे बघून, “आणि आपण नेमका तोच बंद करायला निघालो होतो.”

काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं. कॅन मीच बाहेर टाकायचे. वाटायचं, खोलीत गप्प पडलाय माणूस, निदान कुणाला त्रास तरी नाही.” काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

घरच्यांनी काय बोलायचं, यावर आमचा बराच वेळ गेला. “या वयात शोभतं का?” या वाक्याने कुणाचंही पिणं कमी झालेलं मी पाहिलेलं नाही, लपवणं मात्र वाढतं. नातवाला दूर ठेवण्याची धमकी तर मला साफ नामंजूर होती. ज्या एका कामावर त्यांचा दिवस उभा आहे तेच काढून घेतलं तर उरतं ते चार वाजताचं रिकामपण, फक्त आता सकाळपासून. बोलायचंच तर प्यायलेलं नसताना, दोघांतच, डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट धरून बोलावं: “बाबा, त्या पहाटे तुम्ही पडलात तेव्हा मी घाबरलो होतो. गोळ्या आणि बियरबद्दल डॉक्टरांना एकदा विचारू या का? मी येतो बरोबर.” मुलाने हे वाक्य तिथेच म्हणून बघितलं. पहिल्यांदा त्यात उपदेश घुसलाच. दुसऱ्यांदा बरं जमलं.

एक अट मात्र मी घातली आणि तिच्यावर चर्चा करू दिली नाही. शनिवारी काका स्कूटर नेत असत. अर्धा ग्लास असो की दोन घोट, पिऊन गाडी चालवायची नाही. नातू मागे बसलेला असताना तर प्रश्नच नाही. त्यांनी थोडी कुरकुर केली, मग साथीला बसणाऱ्या एका मित्राबरोबर जाणं-येणं ठरवलं.

चार वाजताच्या वेळेचं उत्तर मी दिलेलं नाही. छंद जोपासा, फिरायला जा, हे सगळे सांगतात आणि ऐकून माणूस कंटाळलेला असतो. त्यांना काय जमतं आणि कुणाला त्यांची गरज आहे, एवढंच आम्ही शोधत राहिलो. कार्यक्रमाच्या वर्गणीचा हिशेब कुणीच धड ठेवत नव्हतं, तो काकांनी अंगावर घेतला. तालमी मंगळवारी आणि गुरुवारी साडेचारला लावून घेतल्या. तालमीला बार बंद असतो. सून चारला आल्यावर लगेच स्वयंपाकघरात न जाता थोडा वेळ त्यांच्याजवळ बसू लागली. सुरुवातीला दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं, तिने मला तसं सांगितलंही. शुक्रवारी नातवाला आणायचं काम मुलाने स्वतःकडे घेतलं. त्यासाठी ऑफिसात वेळ बदलून घ्यावी लागली आणि ते त्याला अजूनही फारसं रुचलेलं नाही.

तीन महिन्यांनंतरच्या वहीत आठवड्याला दोन किंवा तीन कॅन दिसतात, बहुतेक सोमवार आणि बुधवारी. शनिवारचा अर्धा ग्लास आहे तसाच आहे. झोप सुधारली आहे, रात्रीचं उठणं कमी झालं आहे. मुलाला हे पुरेसं वाटत नाही. “पूर्ण बंद कधी होणार?” त्याने मला विचारलं. ते काका आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील, असं मी सांगितलं. डॉक्टर बंदच करा म्हणतायत, काका अजून ‘बघू’वर आहेत. दर तीन महिन्यांनी वही घेऊन तपासणीला जायचं, एवढ्याला मात्र ते कबूल आहेत. कॅन पुन्हा वाढले, दुपारची वेळ अलीकडे सरकली, पुन्हा तोल गेला किंवा तालीम चुकायला लागली, तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच यायचं. हे वहीच्या पहिल्या पानावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं आहे आणि काकूंनी त्याखाली सही केली आहे.