तुमचे प्रश्न : या वेळी अरबी भाषा

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की तहसील, महसूल आणि हासील हे तिन्ही शब्द एकाच अरबी घरातले आहेत. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचं सदर पूर्ण अरबीलाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. पण तहसील आणि महसूल एकाच मुळाचे हे काही पटत नाही, एक त-ने सुरू होतो, एक म-ने. कसं काय? (निवृत्त वाचक, सातारा)

काका, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी घेतला कारण अरबीचं खरं इंजिन नेमकं इथेच आहे. अरबीत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात, नुसती व्यंजनं, स्वर नाहीत. तुमच्या शब्दांत ती आहेत ह-स-ल, अर्थ साधारण 'हाती येणं, पदरात पडणं'. आता या तीन अक्षरांच्या मध्ये कुठले स्वर घालायचे, पुढे काय लावायचं याचे ठरलेले साचे आहेत. 'आ-इ' असा साचा लावला की हासिल, म्हणजे जे हाती येतं ते. पुढे म आणि मध्ये ऊ घातला की महसूल, म्हणजे जे हाती आलेलं आहे ते, पीक, उत्पन्न. पुढे त आणि मध्ये ई घातली की तहसील, म्हणजे हाती आणण्याची क्रिया, वसुली. म्हणजे तहसीलदार हा शब्दशः वसुली करणारा (दार तेवढा फारसी), तुम्हाला हे काय मी सांगायचं.

गंमत म्हणजे हे साचे एकदा कानात बसले की मराठीतच ते सगळीकडे दिसायला लागतात. महसूलच्या साच्यातले बघा : मंजूर, मजकूर, मालूम, मशहूर. मंजूरचं मूळ न-ज-र, पाहणं, तेच आपलं नजर, म्हणजे मंजूर म्हणजे 'नजरेखालून गेलेलं', आणि कोर्टातला नाझर म्हणजे पाहणारा, देखरेख करणारा. मजकूर म्हणजे 'ज्याचा जिक्र, म्हणजे उल्लेख, झालाय तो'. तहसीलच्या साच्यातले बघा : तपशील, तालीम, तारीख. तपशील हा मुळात तफसील, फ-स-ल म्हणजे वेगवेगळं करणं, सुटं सुटं करणं, त्यातूनच फैसला, फासला सगळे आले. आणि तालीम म्हणजे शिकवणं, मूळ अ-ल-म, जाणणं, त्याचाच भाऊ मालूम. कोल्हापुरात लाल मातीत घुमणारा पैलवान तालीम म्हणतो तेव्हा तो शिक्षणाचाच शब्द वापरतोय, मला हे फार आवडतं.

संस्कृतातही धातू आहेत, पण तिथे आपण धातूच्या मागेपुढे उपसर्ग-प्रत्यय जोडतो. अरबीत शब्दाच्या पोटातले स्वर बदलतात आणि अर्थ बदलतो, व्यंजनांचा सांगाडा जागचा हलत नाही. म्हणून पारंपरिक अरबी शब्दकोशात मकतब हा शब्द म-खाली शोधून सापडत नाही, आधी मूळ ओळखावं लागतं, क-त-ब, लिहिणं, आणि मग त्या एकाच घरात किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेलं, मकतब म्हणजे लिहिण्याची जागा, मकतबा म्हणजे ग्रंथालय असं सगळं कुटुंब बसलेलं असतं. मी अरबी शिकायला लागले तेव्हा पहिले सहा महिने कोश उघडायचीच भीती वाटायची, आणि नंतर तोच कोश गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायला लागले.

अजून एक, मराठीने काही शब्द अनेकवचनातच उचललेत. अरबीत बऱ्याच नामांचं अनेकवचनही असंच आतून मोडून होतं, किताबचं कुतुब होतं तसं. आपला अहवाल हा 'हाल'चं अनेकवचन आहे. उमराव हे अमीरचं, अवलाद हे वलदचं. आणि असामी? ते 'इस्म' म्हणजे नाव याचं अनेकवचन, म्हणजे 'बडी असामी' म्हणताना आपण 'मोठी नावं' म्हणतोय. अर्थात हे शब्द बहुतेक थेट अरबस्तानातून नाही आले, ते फारसीतून, दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरातून आले, म्हणून त्यांचे उच्चार आणि अर्थ वाटेत बरेच बदललेत.

प्रश्न : अरबीला 'दादची भाषा' म्हणतात असं वाचलं. हा दाद म्हणजे काय? (कॉलेजची विद्यार्थिनी, नांदेड)

दाद हे अरबीतलं एक अक्षर. आज त्याचा उच्चार साधारण जड, घशाकडे ओढलेल्या द-सारखा करतात, पण जुना उच्चार वेगळा होता. आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैह याने या ध्वनीचं जे वर्णन केलंय त्यात जिभेची कड आणि बाजूच्या दाढा येतात, म्हणजे हवा जिभेच्या बाजूने निघायची, ल म्हणताना निघते तशी. अरबांना वाटायचं हा आवाज आपल्याशिवाय कोणाकडेच नाही, म्हणून भाषेलाच ते नाव पडलं. याचा एक सुंदर पुरावा स्पेनमध्ये आहे. तिथे 711 ते 1492 या काळात कमीजास्त भागावर अरबी बोलणाऱ्यांची सत्ता होती, आणि अरबी 'अल्-कादी' म्हणजे न्यायाधीश (यात दाद आहे) हा शब्द स्पॅनिशमध्ये गेला तो 'अल्काल्दे' होऊन, आज तिकडे नगराध्यक्षाला म्हणतात. मधला तो ल कुठून आला? दादच्या त्या जुन्या बाजूच्या उच्चारातून.

तोच शब्द पूर्वेकडे आला तो इराणमधून. इराणी लोकांना दाद म्हणता येईना, त्यांनी त्याचा झ करून टाकला, आणि आपल्याकडे झाला ज. म्हणून आपला काजी आणि स्पेनचा अल्काल्दे हे सख्खे भाऊ. आता ही यादी बघ, यातल्या प्रत्येक ज-च्या जागी मूळ अरबीत दाद आहे : कर्ज, अर्ज, मर्जी, रजा, हजर, जरूर, जप्त, मजबूत, फाजील. आणि जिल्हा! जिल्हा मुळात 'दिलअ्', बरगडी, त्यावरून बाजू, आणि मग राज्याचा एक भाग. जप्त आणि मजबूत तर एकाच मुळाचे आहेत, घट्ट धरून ठेवणं. साध्या रजेच्या अर्जात, 'हजर राहू शकत नाही, मर्जी असावी' एवढ्या मजकुरात चार-पाच दाद येऊन जातात.

अरबीतली एकूण पाच वेगवेगळी अक्षरं मराठीच्या एकाच ज-मध्ये येऊन पडलीत. जमाचा ज वेगळा, इज्जतचा वेगळा, नजरेचा वेगळा, नजराण्याचा वेगळा, कर्जाचा वेगळा. म्हणूनच नजर आणि नजराणा हे ऐकायला एका घरातले वाटतात पण नाहीयेत, नजराण्याचं मूळ नवस या अर्थाचं आहे.

प्रश्न : अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, मग आकडे पण उलटे का? (सहावीतला वाचक, जळगाव)

नाही रे, आकडे डावीकडून उजवीकडेच, आपल्यासारखेच. अरब लोक त्या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात कारण ती पद्धत त्यांनी आपल्याकडून घेतली. शून्याला त्यांनी 'सिफ्र' म्हटलं, म्हणजे रिकामं, आणि त्यातूनच युरोपातला झीरो आला. बोलताना मात्र 25 ला ते 'पाच आणि वीस' म्हणतात, आपण पंचवीस म्हणतो अगदी तसंच.

प्रश्न : अरबीत उंटाला शेकडो शब्द आहेत हे खरं का? (अनेक पत्रं)

शब्द खूप आहेत हे खरं, पण मोजून आकडा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण त्या याद्यांमध्ये विशेषणंच जास्त असतात. जमल म्हणजे नर उंट, नाका म्हणजे सांडणी, इबिल म्हणजे एकूण उंट, हुवार म्हणजे आईला पिणारं पिल्लू, आणि तेच दूध तुटलं की फसील (हो, तपशीलवालंच मूळ, आईपासून वेगळं झालेलं). यात चमत्कार काही नाही. आपल्या गोठ्यात जा : गाय, बैल, वळू, खोंड, गोऱ्हा, कालवड, पाडी, वासरू, गाभण, दुभती, भाकड. ज्या जनावरावर घर चालतं त्याला माणूस एका शब्दात कसं सांगेल?

प्रश्न : स्वर लिहीतच नाहीत तर वाचतात कसं? आणि ही लिपी आली कुठून? (शिक्षिका, पणजी)

लिपी आली नबाती लोकांकडून, ज्यांचं पेट्रा शहर आज जॉर्डनमध्ये आहे. ते लिहायचे अरामी लिपीत, आणि ती भरभर लिहिता लिहिता अक्षरं जोडली जायला लागली. सीरियात नमारा इथे सन 328 चा एक शिलालेख सापडलाय, लिपी नबाती पण भाषा अरबी. आणि तारीख असलेला सर्वात जुना जो अरबी कागद, म्हणजे पपायरस, हाती आहे तो 643 सालचा, इजिप्तमधला, आणि तो कसला आहे माहितीये का, 65 मेंढ्या घेतल्याची पावती, ग्रीक आणि अरबी दोन्हीत. एवढ्या मोठ्या साहित्याच्या भाषेतला हा जुना कागद मेंढ्यांचा हिशेब आहे हे वाचून मला खूप जवळचं वाटलं, आपल्याही जुन्या कागदांत जमीन, गुरं आणि सारा याशिवाय काय असतं.

अडचण अशी की अक्षरं जोडून लिहिल्यावर ब, त, न, य शब्दाच्या मध्ये सगळी सारखीच दिसायची, एक छोटासा दात फक्त. मग वर-खाली टिंबं द्यायची पद्धत पक्की झाली. स्वरांसाठी रंगीत टिंबांची कल्पना परंपरेने अबुल अस्वद अद्-दुअली याच्या नावावर आहे, सातवं शतक. आज दिसतात त्या बारीक मात्रांचं श्रेय खलील इब्न अहमदला देतात. हा बसऱ्याचा खलील माझा फार आवडता माणूस. त्याने अरबीचा पहिला मोठा कोश मांडायला घेतला आणि अक्षरांचा क्रम लावला तो उच्चाराच्या जागेवरून, घशापासून सुरुवात आणि ओठांकडे शेवट, आपण वर्णमालेत क-पासून प-कडे येतो तसाच. सीबवैह त्याचाच शिष्य, तो इराणी होता, आणि त्याच्या व्याकरणाला आजही नुसतं 'किताब' म्हणतात.

तर वाचतात कसं? साच्यांवरून. लांब स्वर लिहितातच, आखूड स्वर साचा ओळखला की आपोआप कळतात, शेजारचे शब्द मदत करतात. कुराण, कविता आणि लहान मुलांची पुस्तकं यात मात्रा देतात, वर्तमानपत्रात नाही. तुम्ही पणजीच्या, म्हणून सांगते, आपल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, तरी कारकून सराईतपणे वाचायचे.

प्रश्न : मुलगा कुवेतला नोकरीला चाललाय, पुस्तकावरून अरबी शिकतोय. चालेल ना? (आई, रत्नागिरी)

वहिनी, शिकू द्या, पण त्याला एक गोष्ट आधीच सांगा. पुस्तकातली, बातम्यांतली अरबी म्हणजे फुसहा, ती मोरोक्कोपासून ओमानपर्यंत सगळे समजतात पण घरात कोणीच बोलत नाही. बोली प्रत्येक देशाची निराळी. 'तुला काय हवंय' हे फुसहात 'माझा तुरीद', इजिप्तमध्ये 'आयिझ एह', सीरियाकडे 'शू बिद्दक', मोरोक्कोत 'श्नू बगीती'. एक शब्द जुळतोय का बघा. म्हणून पाट्या, फॉर्म, बातम्या यासाठी पुस्तक, आणि दुकानात-साइटवर बोलायला तिथली आखाती बोली, ती तिथे गेल्यावर कानानेच येते. प-चा त्यांना त्रास होतो, पेप्सीचं बेब्सी होतं, तेव्हा कोणी 'बासबोर्ट' मागितला तर पासपोर्टच द्यायचा.

आणि त्याला फार परकं वाटायचं नाही बघा. या किनाऱ्याचं आणि आपल्या किनाऱ्याचं येणंजाणं हजार वर्षांच्या वरचं आहे. मसऊदी नावाचा बगदादचा प्रवासी दहाव्या शतकात चौलला येऊन गेलाय, तो चौलला सैमूर म्हणतो. डहाणूजवळ चिंचणीला सापडलेल्या 926 सालच्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजाचा संजाणचा अधिकारी एक अरब आहे, त्याचं मुहम्मद हे नाव संस्कृतात 'मधुमती' असं लिहिलंय. कुवेतमध्ये तर 1961 पर्यंत व्यवहारात रुपयाच चालायचा. शब्दही इकडून तिकडे गेलेत, आपल्या कर्पूराचं त्यांनी काफूर केलं, आणि चिंचेला ते 'तम्र हिंदी' म्हणतात, हिंदुस्थानातला खजूर. आंब्याला आखातात 'हंबा' म्हणतात, आणि इराकमध्ये कैरीच्या पिवळ्या आंबट लोणच्याला चक्क 'अंबा'. तुमच्या रत्नागिरीचाच शब्द आहे तो, त्याने बरणी घेऊन जायला हरकत नाही, नाव सांगायची गरज पडणार नाही.